चित्राखालचं मनोगत : सगळ्यांनी लिहायलाच हवं का?

शाईची दौत
मी शाळेत चित्रकला शिकवते. आठवी-नववीचे वर्ग, पट ४६, आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास जोडून. प्रत्येक चित्र झालं की वहीत अर्ध्या पानाचं मनोगत, ही रूढ पद्धत. त्यात येतं ते साधारण असं : 'मी निसर्गचित्र काढले. मला निसर्ग खूप आवडतो. मी छान रंग भरले. मला खूप मजा आली.' चित्र बदलतं, हा मजकूर बदलत नाही. शेजारच्याच्या वहीतही तोच.

म्हणून विचार असा की मनोगत कसं द्यायचं ते मुलांनीच निवडावं : (१) लिहून, (२) बोलून ध्वनिमुद्रण करून, (३) चित्रातूनच, म्हणजे रेखाटनं आणि बाणांनी, (४) काम चालू असतानाच्या फोटोंच्या मालिकेतून.

अडचणी तीन. एकदम किती पर्याय द्यावेत? चार तऱ्हेच्या मनोगतांना एका मापाने गुण कसे द्यायचे? आणि ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याला ही आयती पळवाट तर होणार नाही ना? जाणकारांनी लिहावं.

बोरू
पळवाट होणारच. पुढे डिप्लोमाला, ज्युरीला (काम तपासणाऱ्या परीक्षकांपुढे), फार तर एखाद्या प्रदर्शनाच्या पत्रकाला चार ओळी लिहाव्याच लागतात. ती सवय शाळेत लागली नाही तर कुठे लागणार? पर्याय हवेत तर कागद, आकार, विषय यांत द्या. लिखाण सगळ्यांना सक्तीचं ठेवा.

टवाळ
'मजा आली' या शब्दांवर प्रत्येकी ५ रुपये दंड. वर्षाचा कार्ट्रिज पेपर फुकटात. (दिवे घ्या.)

ओला कुंचला
दंड नको, तो शब्द येण्याचं कारण काढून टाका. 'तुमच्या चित्राबद्दल लिहा' याला कोणी प्रश्न म्हणेल का? त्याला 'मजा आली' हेच उत्तर येणार, मग ते लिहून द्या नाहीतर बोलून. पर्यायांच्या आधी प्रश्न बदला. पुढचे चार प्रश्न जलरंगांपासून कोलाजपर्यंत सगळीकडे चालतात :

चित्रातल्या एका जागेवर बोट ठेव, अंगठ्याच्या नखाएवढी जागा. तिथे काय केलंस? त्याऐवजी दुसरं काय करता आलं असतं? ते तसं का झालं? पुढच्या कागदावर आधी काय बदलशील?

नखाएवढी जागा ही अट सोडू नका. 'आकाश बिघडलं' यात काहीच नाही. 'आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कडा आली, कारण पहिला हात अर्धवट वाळलेला असताना पाण्याने भरलेला ब्रश पुन्हा टेकवला' यात सगळं आहे. ओलसर कागदावर जास्त ओला ब्रश टेकला की नवं पाणी आधीच्या रंगकणांना ढकलत बाहेर नेतं आणि कडेला सोडतं. हे ज्याला कळलं त्याने ते लिहिलं, बोललं की बाण काढून दाखवलं, मला तिन्ही सारखंच.

प्रश्न सगळ्यांना तेच. निवड फक्त उत्तराच्या माध्यमाची.

बोरू
प्रश्नांना अनुमोदन. माध्यमाला अजून नाही.

ट्रेसिंग
बाकी पर्यायांचं काही असो, तिसरा पर्याय (चित्रातूनच) सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त बिघडणारा आहे, म्हणून सविस्तर.

चित्रावर ट्रेसिंग पेपर पसरायचा, वरच्या कडेला दोनच ठिकाणी मास्किंग टेप, म्हणजे तो पानासारखा उलटता येतो. चित्राचे चारही कोपरे ट्रेसिंगवर खुणेने उतरवायचे. हे विसरलं की कागद सरकतो आणि बाण भलत्याच झाडाकडे बोट दाखवतात. मग २बी पेन्सिलीने जागा घेरायची, बाण काढून समासात लिहायचं. घेर तीनच. सूट दिली की मुलं १५ घेर काढतात आणि एकाचंही कारण देत नाहीत.

बिघाड कुठे होतो : कोळसा आणि मऊ पेस्टल यांवर ट्रेसिंग घासला जातो, रंग उचलला जातो. तिथे आधी फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारा फवारा), नाहीतर चित्राचा फोटो काढून साध्या कागदावरच्या प्रिंटवर खुणा. पोस्टर रंगावर प्लास्टिकची शीट वापरत असाल तर पावसाळ्यात गठ्ठे करून ठेवू नका, दमट हवेत रंग शीटला धरतो आणि सुटताना पोपडा घेऊन येतो. पेन्सिल जोरात दाबली तर खालच्या कागदावर चर उमटतो आणि पुढच्या वेळी तिथे रंग साचतो. म्हणून टोक बोथट ठेवायचं.

आणि चित्र पूर्ण सुकल्याशिवाय यातलं काहीच नाही. मागून हात लावून गार लागतंय का बघा.

आकडेमोड
ध्वनिमुद्रणाचा हिशेब कोणी केला का? ४६ मुलं, प्रत्येकी १ मिनिट बोलणं, अर्धा मिनिट येणं-जाणं-लाजणं. झाली ६९ मिनिटं. तुमचे जोडून आलेले दोन्ही तास यातच संपले, वर ४६ मिनिटं ऐकायची घरी. चारही पर्याय एकदम सुरू असतील आणि बोलणारे १२च असतील तर १८ मिनिटं. म्हणजे पर्याय देणं ही मुलांवर मेहेरबानी नाही, शिक्षकाच्याच वेळेची सोय आहे. सगळ्यांना बोलायची सक्ती केलीत तर मेलात.

बारीक गोष्टी :
शाळेत मुलांना फोनबंदी असते, त्यामुळे उपकरण एकच, शिक्षकाचं किंवा शाळेचं. वर्गात गोंगाट, म्हणून व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून, फोन तोंडापासून वीतभर लांब. पहिलं वाक्य ठरलेलं : 'अठरा, चित्र तीन', म्हणजे हजेरी क्रमांक आणि चित्राचा क्रमांक. फाइलला नाव द्यायचं राहिलं तरी घोळ होत नाही. बोलताना चित्र हातात हवं आणि बोट जागेवर हवं. चित्र वर्गात ठेवून आलेलं मूल हमखास 'मजा आली'वर घसरतं.
कागद वाचून दाखवणं बाद. तो लिखाणाचाच पर्याय झाला, वर मिनिट वाया.

टवाळ
'लाजणं' हिशेबात धरणारे तुम्ही पहिलेच.

लिनोवाला
छपाईत हा प्रश्नच उद्भवत नाही. लिनो (ठसा कोरायची मऊ शीट) कापताना मधेमधे प्रूफ, म्हणजे चाचणीचा ठसा, काढावाच लागतो. पहिला बाह्यरेषा कापून, दुसरा मोठे पांढरे भाग काढून, तिसरा पोत आल्यावर. प्रत्येक प्रूफवर तारीख आणि पेन्सिलीने एक ओळ : पुढे काय कापणार, काय तसंच ठेवणार. शेवटी चार-पाच प्रूफ ओळीने लावले की ते आपोआप मनोगत होतं. रेम्ब्रँटच्या एचिंगच्या (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राच्या) वेगवेगळ्या अवस्थांचे ठसे शेजारी ठेवून बघा, 'इथे हा माणूस थांबला आणि मत बदललं' हे एक शब्द न वाचता दिसतं.

रंगचित्रात चौथा पर्याय म्हणजे तेच. फक्त रंगाने आधीची अवस्था झाकली जाते, म्हणून फोटो. थांबे आधीच ठरवा : कच्चं रेखाटन, पहिला हात, अर्ध्यावर, 'झालं' असं वाटल्यावर, आणि त्यानंतर जे काही केलं ते. पाचवा फोटो सगळ्यात बोलका. चित्रं बहुधा चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये बिघडतात.

ओला कुंचला
@लिनोवाला, फोटोंत एक फसगत आहे. सकाळचा फोटो खिडकीच्या उजेडात, दुपारचा ट्यूबलाइटखाली, आणि फोन प्रत्येक वेळी आपल्या मनाने रंग सुधारून घेतो. मग मूल सांगतं 'मी रंग उजळ केले', आणि उजळला असतो नुसता उजेड. चित्राच्या कडेला त्याच कोऱ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी प्रत्येक फोटोत येऊ द्या. पट्टी पिवळी दिसली तर चित्राचा पिवळेपणाही खोटा. टेबलावर टेपने फोटोची जागा आखून ठेवा, फ्लॅश बंद.

चिखल्या
मातीकामवाल्यांचं काय? आमचं मनोगत भट्टी उघडल्यावर तुकड्यांत मिळतं. मुलांना त्या तुकड्यांवरच लिहायला लावावं, 'आत हवा राहिली होती म्हणून फुटलं' वगैरे.

भट्टीकर
@चिखल्या, हवेने नाही हो, पाण्याने. हे चुकीचं कारण पिढ्यान्‌पिढ्या वर्गांतून चालत आलंय. पूर्ण सुकलेल्या मातीतला हवेचा बुडबुडा भट्टीतून सहसा सुखरूप बाहेर येतो. फुटतं ते आत राहिलेल्या ओलीमुळे. १०० अंशांवर तिची वाफ होते, वाफेला पाण्याच्या साधारण १७०० पट जागा लागते, जाड भिंतीतून ती वेळेत बाहेर पडत नाही आणि भांडं उडतं. बुडबुड्याभोवती ओल टिकून राहते, म्हणून आळ हवेवर येतो.
उपाय : भिंत १ सेंटिमीटरच्या आसपास, जाड मूर्ती आतून पोकळ आणि तळाला भोक. सावलीत सावकाश वाळवणं. भट्टीत भरण्याआधी गालाला लावून बघणं, गार लागलं तर ओल आहे. आणि सुरुवातीला भट्टी ८०-९० अंशांवर काही तास धरून ठेवणं.

चिखल्या
गाल लावला. गार लागला. मान्य.

बोरू
आता बघा, हा भट्टीचा मुद्दा धाग्याच्या मुळाशी जातो. मुलाने तुकड्यांचं सुरेख रेखाटन केलं, बाण काढला, 'हवा' लिहिलं. जागा बरोबर, मांडणी देखणी, कारण चूक. गुण किती? बोललेल्या, काढलेल्या मनोगतात चुकीचं कारण सजावटीखाली लपतं. लिहिलेल्या वाक्यात ते उघडं पडतं. माझा आग्रह एवढ्यासाठीच आहे, अक्षर सुधारण्यासाठी नाही.

पट्टी-गुण्या
बोरू, शंका रास्त आहे, पण लिहिलेल्यातही ते लपतं. 'रंगसंगतीतील असमतोलामुळे चित्राचा प्रभाव उणावला' यात कारण कुठे आहे? फक्त शब्द जड आहेत. आणि शिक्षक असल्या वाक्याला ८ देतात.

गुणांचा साचा माध्यमावर नको, चार गोष्टींवर हवा :

जागा : नेमकी दाखवली का? २ गुण.
निर्णय : काय केलं आणि काय सोडलं, दोन्ही आलं का? २ गुण. नुसतं 'निळा लावला' याला १. 'निळा की जांभळा अशा दोन पट्ट्या करून बघितल्या आणि निळा घेतला' याला २, मात्र त्या पट्ट्या दाखवता आल्या पाहिजेत.
कारण : ४ गुण. 'नीट जमलं नाही' शून्य. कारण सांगितलं पण चूक, २. साहित्याशी जुळणारं, ३. ते तपासून कसं बघायचं हेही सांगितलं, ४.
पुढचं पाऊल : २ गुण. 'पुढच्या वेळी छान काढीन' शून्य.

एकूण १०. भाषा, अक्षर, आवाज, सजावट, फोटोचा दर्जा यांना गुण नाहीत. हे मुलांना आधीच सांगा, फळ्यावर लिहून.

तुमच्या 'हवा'वाल्याला कारणाचे २ मिळतील. पण त्यानेच 'एक बुडबुडेवाला गोळा पूर्ण वाळवून आणि एक बिनबुडबुड्याचा गोळा ओला ठेवून भाजून बघतो' असं सुचवलं तर, कारण चुकलं असलं तरी, ४ द्यावेत.

भट्टीकर
फक्त तो प्रयोग इतरांच्या कामासोबत एकाच भट्टीत नको. ४५ मनोगतं एकदम येतील.

सावंतवाडीकर
भाषेचा मुद्दा बाजूला पडतोय. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मनोगत इंग्रजीतून, आणि मूल घरी मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलतं. 'रंग मळलो', 'हय पाणी साचला' हे त्याला बरोबर दिसलेलं असतं, पण इंग्रजीत ते 'कलर इज नॉट गुड' होऊन बसतं. बोलायचा पर्याय देऊन वर 'इंग्लिशमध्ये बोल' म्हणणार असाल तर पर्याय दिलाच नाही. भाषाही मुलाच्या पसंतीची हवी. फक्त थोडे शब्द सामाईक ठेवा, भिंतीवर लावून : उठाव, पोत, छटा, पहिला हात, कडक कडा, मऊ कडा, मळणे, चढवणे, मोकळी जागा. १२-१५ पुरेत. लिहिणाऱ्यालाही तेच, बोलणाऱ्यालाही तेच. तोतऱ्या किंवा ऐकू कमी येणाऱ्या मुलाला कोणता पर्याय सोयीचा हे त्याचं त्याला ठरवू द्या, 'तू आपलं चित्रच काढ' असं परस्पर ठरवू नका.

इंटरमिजिएट
सगळं ठीक, पण एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांच्या तयारीत हे बसवणार कुठे? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. सराव पुरा होत नाही, मनोगत कुठून आणणार?

ओला कुंचला
@इंटरमिजिएट, शेवटी नको, मध्यावर घ्या. निम्मा वेळ झाला की ब्रश खाली, ३ मिनिटं, पेपरच्या मागे पेन्सिलीने एकच ओळ किंवा एकच बाण. स्मरणचित्रात तर याचा रोकडा फायदा : माणसाची उंची शेजारच्या दाराशी ताडून बघायची, मागची माणसं पुढच्यांइतकीच मोठी झालीत का बघायचं. या चुका अर्ध्यावर सुधारतात, पूर्ण झाल्यावर फक्त कळतात. संपल्यानंतरच्या मनोगताने हातातलं चित्र कधीच सुधारत नाही.

दिवाळी_अंक
मोठ्या चित्रकारांनी कुठे मनोगतं लिहिली होती, असं कोणीतरी म्हणेल म्हणून आधीच सांगतो. व्हॅन गॉग भावाला पत्रं लिहायचा आणि त्यातच चालू चित्राचं छोटं रेखाटन काढून कुठे कोणता रंग ते शब्दांत लिहायचा. म्हणजे तुमचा पर्याय १ आणि ३ एकत्र. पॉल क्लेने १९११ पासून स्वतःच्या कामांची क्रमवार नोंद ठेवली. दोघांनाही गुण नव्हते, तरी नोंदी होत्या.
'पत्र' हा पर्याय जोडा. वर्गात त्या दिवशी न आलेल्या मित्राला पत्र : काय काढलं, कसं, आणि तो हे करणार असेल तर कशापासून सावध राहावं. समोर कोणी वाचणारा आहे म्हटलं की 'मजा आली' पुरत नाही, मुलं आपोआप प्रमाण आणि क्रम सांगायला लागतात.

टवाळ
क्लेला पट ४६ नव्हता.

आकडेमोड
बाऊहाउस या जर्मन कलाशाळेत तोही मास्तरच होता की.

जोडीदार
अजून एक पर्याय राहिला, जोडीने मुलाखत. चित्र काढणारा बोलतो, शेजारचा लिहितो, ४ मिनिटांनी अदलाबदल. ज्याला लिहिता येत नाही तो अडत नाही, आणि २३ जोड्या एकदम चालतात, त्यामुळे आकडेमोडांचा हिशेबही बसतो.
गोची अशी की शेजारचा प्रश्न विचारायच्या नावाखाली मत देतो. 'आकाश एवढं काळं का केलंस?' हा प्रश्न नाही, टोमणा आहे. 'आकाशाची छटा कशी ठरवलीस?' हा प्रश्न. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने ठरवलेल्या पद्धतीत पायऱ्याच अशा आहेत : आधी बघणाऱ्याला काय भिडलं, मग कलाकाराचे प्रश्न, मग बघणाऱ्याचे तटस्थ प्रश्न, आणि मत अगदी शेवटी, तेही कलाकाराने 'सांग' म्हटल्यावर. शाळेत चारही पायऱ्या जमणार नाहीत, पण 'का' ऐवजी 'कसं' एवढा नियम लावला तरी भांडणं निम्मी होतात.
लिहिलेलं चित्रकाराला वाचून दाखवून त्याची सही घ्यायची. नाहीतर मनोगत शेजाऱ्याचं होतं.

नवा सभासद
हल्ली घरून लिहून आणलेलं मनोगत एआयचं असतं, ते कसं ओळखायचं?

पट्टी-गुण्या
ओळखत बसू नका, घरी देऊच नका. मनोगत वर्गातच, चित्र समोर, ७ मिनिटं. नखाएवढी जागा बोटाने दाखवायची अट असली की बाहेरून आणलेला मजकूर तिथेच अडकतो.

बोरू
रच्याकने (जाता जाता), राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकात स्वमूल्यमापन आणि सहाध्यायींचं मूल्यमापन आहे. प्रत्यक्षात ते तीन हसऱ्या चेहऱ्यांपैकी एकाभोवती गोल करण्यावर येऊन ठेपू नये. पट्टी-गुण्यांची चार खणांची पट्टी तिथे वापरता येईल.
आणि माघार नव्हे, पण दुरुस्ती : वर्षात एक तरी मनोगत लेखी असावं. बाकी निवडा काय ते.

टवाळ
बोरूंनी माध्यम बदललं! धाग्याचं सार्थक.

शाईची दौत
सर्वांचे आभार. भट्टीपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नांकडे येते.

किती पर्याय : एकदम चार नाहीत. सहामाहीत चार चित्रं होतात. पहिल्या चित्राला सगळ्यांनी ट्रेसिंग, दुसऱ्याला सगळ्यांनी जोडीने मुलाखत, म्हणजे दोन्ही तऱ्हा हाताखालून जातील. जे कधी करून बघितलं नाही ते मुलं निवडत नाहीत, मित्र जे निवडतो ते निवडतात. तिसऱ्या-चौथ्या चित्राला तीन पर्यायांतून एक : ट्रेसिंग, लेखी/पत्र, ध्वनिमुद्रण. सलग दोनदा तेच नाही. ध्वनिमुद्रणाला १२ जागा, चिठ्ठ्या टाकून. फोटोमालिका दुसऱ्या सहामाहीत, उपकरण एकच आहे म्हणून.
गुण : चार खणांची पट्टी जशीच्या तशी, मराठीत, भिंतीवर.
पळवाट : वर्षात एक लेखी, बोरूंचा मान ठेवून. मध्यावरची ३ मिनिटं सगळ्यांना, पर्याय नाही.

एक शंका उरली. ट्रेसिंग पेपर ४६ मुलांना परवडेल असा कोणता घ्यावा?

ट्रेसिंग
रोलमधला ९० जीएसएमचा (जाड) घ्याल तर महाग पडेल आणि गरज नाही. स्टेशनरीत मिळणारा पातळ बटर पेपर पुरतो, पण घेताना दुकानातच पेन्सिल फिरवून बघा. किराणा दुकानातला, केक भाजायचा बटर पेपर चुकूनही नको, त्यावरच्या थरामुळे पेन्सिल उमटतच नाही. पाव इम्पीरिअल म्हणजे ११ × १५ इंचाचं चित्र असेल तर पूर्ण झाकायची गरज नाही, मूल ज्या तीन जागा दाखवणार तेवढ्यावर पोस्टकार्डाएवढे तुकडे. फक्त त्या तुकड्यांवर कोपऱ्यांच्या खुणा नसतात, म्हणून चित्रातली एखादी ठळक रेषा तुकड्यावर गिरवून ठेवा, जुळवायला.

शाईची दौत
तुकडे! हे बरं झालं. उद्याच बघते.

टवाळ
बघून झालं की मनोगत लिहा. नखाएवढी जागा दाखवून.